इनासची शेवटची फिल्म

इनास, तुझी शेवटची फिल्म गेली. सुरकुत्या पडल्या आणि पापुद्रा सुटला. तू असतास तर आधी विचारलं असतंस, किती अंशाला? आणि मग म्हणाला असतास, शैला, तू घाई केली असणार. घाई नाही केली. शेवटच्या फेरीत तुला आवडायचं तसं अगदी सावकाश थंड केली, आणि म्हणूनच ती गेली.

हे मी तुलाच सांगणार, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं तर फिल्म म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी सिनेमावाल्यांकडे नोकरीला आहे. त्यात तू एकदा घरी आलास आणि वॉचमनला सांगून बसलास की मॅडम फक्त पातळ फिल्म काढतात, जाड माणसांना काम देत नाहीत. त्या बिचाऱ्याने पोट आत घेतलं. मग मीच त्याला समजावलं, की नखाएवढ्या चकतीवर धातूचा एक थर चढवलेला असतो, इतका पातळ की एका केसाच्या जाडीत तसे शेकडो मावतील. तो आम्ही द्रव हेलियममध्ये बुडवतो, जिथे हवासुद्धा गोठून दगड होते, आणि त्यातून वीज कशी जाते ते बघतो. त्याने फार आदराने विचारलं, मग काय होतं? तू म्हणालास, "भांडणं होतात."

खरंच होती की. छोटी पुष्कळ, आणि मोठं एकच. ते मात्र आपण आख्खी नोकरी पुरवलं.

तुझ्या फिल्म नायोबियमच्या. हा धातू पुरेसा थंड झाला की वीज त्यातून अडथळ्याशिवाय जाते, रोध एकदम शून्यावर येतो. तुझ्या फिल्ममध्ये तो एकदम येत नव्हता. अर्ध्यावर उतरायचा, तिथे रेंगाळायचा, आणि मग शून्य. आलेखावर ते जिन्याच्या मधल्या पायरीसारखं दिसायचं. तू म्हणालास की हा पातळपणाचा गुण आहे, जाड धातूत तो दिसतच नाही, म्हणून आजवर कुणाला सापडला नाही. मी म्हणाले की तुझ्या धातूत हायड्रोजन मुरलाय, बाकी काही नाही. तुझा निबंध छापून आला, लोकांनी वाखाणला, पायरीला तुझ्या नावाने ओळखायला लागले. त्या निबंधावर तुला माझंही नाव घालायचं होतं. मी घालू दिलं नाही. ज्यावर माझा विश्वास नाही त्यावर मी सही करत नाही, असं मी तुला कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तू माझ्या ताटातलं लोणचं उचलून निघून गेलास.

तो हायड्रोजन आत कसा शिरला हेही मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत होते. तुला धुवायची सवय. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या घरात तुझ्या आईने तुम्हां भावंडांना शिकवलेलं, की कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी धुवायची, मग पुढचं काम. तू कपबशीसुद्धा वापरायच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा धुवायचास. फिल्मही तशीच. तारा जोडण्यापूर्वी तिला ॲसिडची एक छोटी आंघोळ. ॲसिडने धातूवरचा ऑक्साइडचा पापुद्रा निघतो, आणि दार उघडं दिसलं की हायड्रोजन आत घुसतो. नंतर हवेत पापुद्रा पुन्हा धरतो आणि आत गेलेला आतच अडकतो. वर्षं गेली तरी बाहेर येत नाही. दुसऱ्या कुणी गबाळेपणाने फिल्म बिघडवली असती. तू स्वच्छतेने बिघडवलीस. मी हे म्हणाले की तू हसायचास आणि म्हणायचास, "माझ्या आईला सांग जाऊन." ती तेव्हा चर्चमागच्या वाळूत होती. आता तूही तिच्या शेजारी आहेस.

आणि मग तो मधला पट्टा. उणे सव्वाशे ते उणे पावणेदोनशे अंशांच्या मधला. त्याच्या वरच्या तापमानाला हायड्रोजन धातूभर पसरलेला असतो, कुणाला त्रास देत नाही. त्याच्या बराच खाली गेलं की तो जागच्या जागी थिजतो, तेव्हाही त्रास नाही. मधल्या पट्ट्यात मात्र त्याला पसरून राहता येत नाही आणि अजून थिजताही येत नाही. तो सरकत राहतो, गोळा होतो, त्याचे गठ्ठे बनतात. जिथे गठ्ठा तिथे धातू फुगतो. चकतीला चिकटलेल्या थराला फुगायला जागा नसते, म्हणून तो सुरकुततो, उचलला जातो. म्हणून हायड्रोजन मुरलेला धातू त्या पट्ट्यातून झटकन पार करायचा, तिथे थांबायचं नाही. आपलं ते जुनं अवजड थंड करायचं भांडं तर पट्टा ओलांडायला अर्धा दिवस घ्यायचं. तुझी प्रत्येक फिल्म तिथे ताटकळून पुढे गेली. मी म्हणायचे, "मासळी बर्फात टाकायला इतका उशीर केला असतास, तर भावाने तुला होडीवरून खाली लोटलं असतं." तू म्हणायचास, फिल्म म्हणजे मासळी नव्हे.

तपासायचं कसं हेही आपण ठरवलं होतं. तुझ्याच खेपेतली एक फिल्म आधी झटकन थंड करायची, मग तीच सावकाश. दोन्ही वेळा पायरी सारखी आली तर तू खरा. सावकाश केल्यावरच आली तर हायड्रोजन, म्हणजे मी खरी. झटकन बुडवण्यासाठीची लांब नळी आपण सातिवलीच्या एका गाळ्यात करून घेतली. गाळेवाल्याला तू सांगितलंस की या मॅडमना मला खोटं पाडायचंय, नीट वेल्डिंग करा. पैजही लागली. पैजेचा नियम जुनाच. लहान भांडणात हरेल त्याने बोंबील द्यायचे, मोठ्यात पापलेटची जोडी. बोंबील तू पुष्कळ वेळा हरलास. मार्था ते निवडून, केळीच्या पानात बांधून पाठवायची आणि तुझ्याबरोबर निरोप द्यायची की नवरा हरलेला आहे, नीट खा. मी हरले की मला मात्र पाचूबंदरला लिलावात स्वतः उभं राहून घ्यावे लागायचे, आणि तुझी वहिनी मुद्दाम बोली शेवटपर्यंत चढवत न्यायची. पापलेटची जोडी तेवढी अजून कुणी दिली नव्हती.

कारण तू तपासूच दिलं नाहीस. ज्या यंत्रात त्या फिल्म बनल्या ते भंगारात गेलं. त्या खेपेतली एकच फिल्म उरली, तुझ्या टेबलावरच्या कोरड्या हवेच्या डब्यात. आज नको, हेलियम कमी आहे. पुढच्या महिन्यात बघू. निवृत्तीनंतर निवांत करू. मी चिडायचे. आताही चिडलेय. तुला भीती वाटत होती, इनास, आणि तू ती हसण्यावारी नेत होतास. मला तुझ्या चुकीचा राग कधी आला नाही. राग आला तो या टाळाटाळीचा.

आणि तरी हेच सांगायला हवं, की मी या विषयात टिकले ती तुझ्यामुळे. मी नवीन होते तेव्हा आपल्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं की बाईला हेलियमची भांडी उचलणं जमायचं नाही, तिला आकडेमोड द्या. हेलियम तेव्हा रेशनसारखं वाटून मिळायचं. तू आपली पाळी मला दिलीस. साहेबांना म्हणालास, माझं मोजमाप शैला करणार, मला पाठदुखी आहे. तुझी पाठ ठणठणीत होती. त्याच पाळीत मी जे मोजलं ते घेऊन मी तुझ्याविरुद्ध उभी राहिले, आणि तू सभागृहात मागे बसून टाळ्या वाजवल्यास. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आता मानते, तर ऐकायला कोण आहे?

हॉस्पिटलमध्ये तू मला डब्याची किल्ली दिलीस. मार्था पलीकडे खुर्चीत बसली होती. तुला बोलताना धाप लागत होती, म्हणून मी म्हटलं राहू दे, नंतर. तू म्हणालास, "नंतर नाही. दोन्ही तऱ्हेने थंड कर. जे येईल ते लिही. माझं नाव घालून लिही." आणि मग जरा थांबून, "तुझंही घाल या वेळी." मार्थाने तेव्हा माझ्याकडे बघितलं. किल्ली कशाची हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तुला मशीनवर घेतलं. पुढचं मी लिहू नये असं मला वाटत होतं, पण तुझ्याशी खोटं बोलून काय करू? तू ना इकडे होतास ना तिकडे. डॉक्टर रोज तेच सांगायचे, वाट बघू. हात सुजले, तोंड सुजलं, तुझं नाक ओळखू येईना. काचेतून बघताना माझ्या मनात तो पट्टा आला. मी स्वतःला आवरलं, की माणूस म्हणजे धातू नव्हे, पण आलं ते आलं. जिथे थांबू नये म्हणून मी तुला सगळी वर्षं ओरडत होते, तिथेच तुला झोपवून ठेवलं होतं, आणि तुला उचलून पुढे किंवा मागे न्यायला मी काहीही करू शकत नव्हते. शेवटी मार्थाने डॉक्टरांना सांगितलं, आता पुरे. तुझा भाऊ तिच्याशी तेव्हापासून नीट बोलत नाही. तिने बरोबर केलं, असं मला वाटतं. तिला मी तसं म्हणालेही.

तुझ्या दफनाच्या दिवशी बंदरावरच्या होड्या किनाऱ्यालाच होत्या. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फादरांनी प्रवचनात तुझ्या पायरीबद्दल सांगितलं. कुणी त्यांना लिहून दिलं होतं कोण जाणे, पण त्यांनी नीट सांगितलं, की आपल्या पाचूबंदरच्या मुलाने निसर्गातली एक अशी गोष्ट शोधली की जी आधी जगात कुणालाच माहीत नव्हती. बायका डोळे पुसत होत्या. जाळी विणणारे म्हातारे माना डोलवत होते. मी तिसऱ्या बाकावर बसले होते आणि तुझ्या डब्याची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

कबरीवरून परत येताना मार्थाने माझा दंड धरला. बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं. म्हणाली, "शैला, तू ते करू नको. तो गेला, आता त्याचा काय उपयोग हाय? फादर काय बोलले ऐकलंस ना तू? माझ्याकडं आता तेवढंच हाय. त्याचं नाव तरी र्‍हाऊ दे."

तिला नाही कसं म्हणणार होते? तिच्याकडून मी इतके बोंबील खाल्लेत. मी म्हटलं, बघते. तुझीच टाळाटाळ मी उचलली. तुझा डबा माझ्या टेबलावर आला आणि मी त्याच्याकडे पाठ करून काम करायला लागले. घरी येताना रोज ठरवायचे, की नाही करायचं. मेलेल्या माणसाला खोटं पाडून मला काय मिळणार? पायरी तुझी राहिली तर कुणाचं काय बिघडतं? पुढे कुणीतरी करेलच तपास. पण मग आठवायचं की ती शेवटची फिल्म आहे, पुढच्या कुणाकडे ती नसेल. आणि तू किल्ली त्या पुढच्या कुणाला दिली नव्हतीस, मला दिली होतीस. मार्थासमोर दिली होतीस. तिच्यासमोर मुद्दाम, असंही मला वाटायला लागलं.

केलं शेवटी. आधी झटकन. सातिवलीच्या नळीतून फिल्म सरळ खाली सोडली. वेल्डिंग छान निघालं बरं का. रोध खाली आला, आणि इनास, पायरी नव्हती. एक सरळ कडा, वरून थेट शून्य. मी तारा तपासल्या. पुन्हा गरम करून पुन्हा झटकन बुडवली. पुन्हा तेच. मला तिथेच थांबता आलं असतं, इतक्यावर तुझा निबंध हलला होताच. पण तू दोन्ही तऱ्हेने म्हणाला होतास.

म्हणून मग सावकाश. तुझ्या जुन्या वेगाने. मधल्या पट्ट्यात तिला सोडून मी खुर्ची ओढून बसले. करण्यासारखं काही नसतं त्या वेळात, तुला ठाऊक आहे. आकडा हळूहळू उतरत असतो. एरवी तू समोर बसून केळं खायचास आणि मला नको नको ते विचारायचास. मी बसून राहिले आणि मनात म्हणत होते, पायरी येऊ नको. खरं सांगते. सगळी वर्षं तुझ्याशी भांडले, आणि त्या दिवशी मला तू बरोबर ठरायला हवा होतास. कुठेतरी काहीतरी चुकलेलं असावं, माझीच मापं गंडावीत, आणि मी पाचूबंदरला लिलावात उभी राहून तुझ्या वहिनीचे टोमणे खावेत.

पायरी आली. अर्ध्यावर, जुन्या जागी, जशी तुझ्या निबंधात आहे तशीच. नंतर फिल्म बाहेर काढली तर ती चकतीवरून सुटलेली. चिमट्याने धरली आणि तुकडे पडले.

चर्चमधल्या तुझ्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी मार्थाकडे गेले. दुसऱ्या कुणाकडून तिला कळू नये. सगळे पाहुणे पांगल्यावर तिला सांगितलं, की मी तो तपास केला. तिने विचारलं, "मग?" मी सांगितलं की त्याची चूक होती, पायरी हायड्रोजनची होती. मी आणखी पण बरंच बोलले. चूकसुद्धा त्याने इतकी काळजीपूर्वक केली होती की त्यातूनच हायड्रोजनचं वागणं स्पष्ट झालं, असलं काहीबाही. ती मधेच उठली. तुझ्या फोटोसमोरची मेणबत्ती वितळून वाकडी झाली होती, ती तिने नीट केली. मग म्हणाली, मला आता जरा पडायचंय. मी चपला घातल्या. चहाही झाला नाही. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदा बाहेर पडले.

त्यानंतर मी लिहायला घेतलं आणि लिहू शकले नाही. शीर्षक झालं, खाली तुझं नाव, त्याच्या खाली माझं. इतक्या वर्षांनी एका कागदावर आपण दोघं आलो, आणि ते तू हरलास हे सांगायला. मी तो कागद तसाच ठेवून दिला. मार्था पुन्हा नाही म्हणाली असती तर मी तो फाडला असता, हे तुला आवडणार नाही, पण तसं आहे. तुला मी दुखवू शकत होते. तिला नाही.

काल सकाळी बेल वाजली. दारात मार्था. अंगावर काळी साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातून पाणी ठिबकत होतं. रिक्षाने स्टेशनच्या पलीकडून, पश्चिमेहून इतक्या लांब ती पहिल्यांदाच एकटी आली असेल. आत ये म्हटलं तर आली नाही. पिशवी पुढे केली. बघितलं तर पापलेटची जोडी. चांगली मोठी, डोळे लख्ख, त्याच दिवशीच्या लिलावातली.

म्हणाली, "तो हरला ना? मग तुझं तू घे."

मी पिशवी धरली. ती पायरीवरून खाली उतरायला लागली, मग वळली. "लिहिलंस काय तू?"

मी म्हटलं, नाही अजून.

"लिही," ती म्हणाली. "त्यानं तुला माझ्यासमोर सांगितलंय." आणि खाली गेली. मी खिडकीतून बघत होते. रिक्षा लगेच मिळाली नाही, ती बराच वेळ उन्हात उभी होती.

पापलेटं मी धुतली. तुझ्या पद्धतीने, आधी मिठाच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग पुन्हा एकदा. दोन्ही तळली. घरभर वास सुटला. एक मी ताटात घेतलं, आणि दुसरं कुणाला वाढायचं ते कळेना, म्हणून ते तव्यातच राहिलं. मग टेबलावर बसून मी तो कागद पुरा केला आणि पाठवून दिला.

मी जिंकले, इनास.